दोन रेघांची पिन

तो आला तेव्हा वाऱ्यानं दार माझ्या हातातून ओढून घेतलं होतं
आणि मी ते खांद्यानं लोटत होते.
पुन्ता अरेनासमध्ये दार लावणं
हेही पगारातलंच काम.

एलेउतेरिओ बार्रिया. सामुद्रधुनीच्या फेरीबोटीवर
एकतीस वर्षं इंजिनापाशी;
डावा कान तिथेच ठेवून आलेला.
रुमालात गुंडाळलेला कंट्रोलर त्यानं काउंटरवर सोडवला
आणि शेजारी बायकोचे जुने हेडफोन,
स्पंज विटून चहाच्या रंगाचा झालेला.

"मला ऐकू येतं," म्हणाला,
"माझं त्याला जात नाही."

मी पिन दिव्याखाली धरली.
पितळेवर काळ्या रेघा, दोनच.
म्हटलं, बघा, हा डावा कान, हा उजवा, हे अर्थिंग.
बोलायला तिसरी रेघ लागते.
ही पिन नुसती ऐकणारी.

"हर्मेलिंदाचे हेडफोन, आणि नुसतं ऐकतात?"
तो इतका हसला की खोकला लागला.

मग नातू निघाला. बेल्ट्रान, अकरा वर्षांचा,
कालामात, जिथं वर्षानुवर्षं पाऊस नाही.
बाप तांब्याच्या खाणीत, सात दिवस वर, सात दिवस घरी.
आई दुसरीकडे. कुठे, ते त्यानं सांगितलं नाही.
खेळात दोघं मिळून पूल बांधतात.
पोरगा विचारतो, आजोबा, फळी इथे लावू?
आणि पडद्यावरचा आजोबा उडी मारतो:
हो असेल तर एक,
नाही असेल तर दोन.
असे तीन आठवडे, अर्धा पूल.

मी त्याला तीन रेघांचा हेडसेट दिला,
उंदराच्या शेपटीएवढा माइक.
टक् होईपर्यंत दाबा, म्हटलं,
अर्धी बसली तर आवाज मध्येच अडकतो.
माइक बंद करायचं बटण कुठलं, तेही दाखवलं.
त्यानं सगळं पावाच्या कागदावर लिहून घेतलं,
टक् हा शब्दसुद्धा.

नवव्या दिवशी परत.
हेडसेट खोक्यात, वायर तशीच दुमडून
जशी कारखान्यात दुमडतात.
मी दुकानातल्या मशीनला लावून पाहिला. हॅलो, हॅलो.
माझाच आवाज माझ्या कानात, स्वच्छ.

"चालतो ना," तो म्हणाला. "तीच अडचण.
मला बोलता येत नव्हतं तोवर पोरगा बोलायचा.
शाळेत डबा संडासात बसून खातो.
बाप दिवसा झोपला की नाकापाशी हात धरून बघतो.
आईचा आवाज विसरत चाललाय, आधी शेवटची अक्षरं.
हे सगळं फळ्या ठोकता ठोकता.
आता मला आवाज आला.
मी विचारतो, जेवलास का? अभ्यास?
तो म्हणतो, हो आजोबा. सगळं ठीक आहे, आजोबा."

दार एकदा आपोआप उघडलं, मिटलं.

"तू लहान आहेस, तुला ठाऊक नसेल.
पूर्वी रेडिओवर निरोप सांगायचे,
लांबच्या मेंढवाड्यांवरच्या माणसांसाठी.
अमक्याची बायको सुटली, मुलगी झाली,
गुरुवारी घोडा घेऊन फाट्यावर ये.
उलट उत्तर द्यायची सोय नव्हती, पोरी.
माणूस घोडा घेऊन यायचा."

उघडलेलं खोकं परत घ्यायचं नाही, असा नियम आहे.
मी घेतलं. पावतीवर कारणाचा रकाना असतो,
त्यात लिहिलं: आवाज येतो.
मालक विचारील तेव्हा बघू.

त्यानं कंट्रोलर पुन्हा रुमालात बांधला, गाठ दोनदा ओढली.
दारापाशी मला राहवलं नाही.
विचारलं, त्याला कळणार नाही का
की तुम्ही मुद्दाम गप्प झालात?

म्हातारा थांबला. गुडघे जरा वाकवले
आणि टाचा उचलून खाली आपटल्या,
एकदा.
मग वाऱ्यानं दार ओढलं,
आणि दुसरी उडी त्यानं मारली
की तो नुसता हेलपाटला,
मला काउंटरवरून नीट दिसलं नाही.